विश्लेषण : दीडशे ग्रॅमचं शिसं फेकताना लाइन बोटातून का निसटते? दोष बोटाचा की रीलचा?

किनाऱ्यावरून रॉडने मासेमारी करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पण जड रिग फेकताना लाइन निसटणं, बोट कापणं आणि शिसं तुटून भलतीकडे जाणं हे प्रकारही नेहमीचे झाले आहेत. यामागचं साधं विज्ञान काय, आणि ते टाळायचं कसं?

रविवारची सकाळ, अलिबागजवळचा एक किनारा, ओहोटी लागलेली. मित्राने नवा तेरा फुटी रॉड आणला होता. दीडशे ग्रॅमचं शिसं, त्याखाली बांगड्याचा तुकडा लावलेला गळ. पहिली फेक माझी. रॉड मागे नेला, पूर्ण ताकदीने पुढे ओढला आणि फेक अर्ध्यात असतानाच तर्जनीतून लाइन सर्रकन निसटली. बोटाच्या पेरावर ब्लेडने मारावी तशी चीर पडली. शिसं समुद्राकडे गेलंच नाही. ते उजवीकडे, ओल्या वाळूत शिंपल्या वेचणाऱ्या एका मावशींपासून पाच-सहा पावलांवर धप्पकन रुतलं. मावशींनी मान वर केली आणि एवढंच म्हणाल्या, "पोरांनो, मासं तिकडं पाण्यात हायत."

आम्ही दोघंही इंजिनीअर. तरीही त्या दिवशी दोष बोटाला दिला, बोटाला पट्टी गुंडाळली आणि पुढच्या फेकीला लाइन आणखी घट्ट धरली. ती पुन्हा निसटली. घरी येऊन कागदावर हिशेब मांडल्यावर कळलं, की बोटाची ताकद हा प्रश्न नव्हताच.

एवढी जड रिग लागतेच कशाला?

खाडीत किंवा जेट्टीवरून गरवताना वीस-तीस ग्रॅमचं शिसं पुरतं. कृत्रिम आमिष टाकून जिताडा किंवा तांबोशी शोधणारे तर त्याहूनही हलकं वजन वापरतात. उघड्या किनाऱ्यावर गणित बदलतं. तिथे लाटा असतात, किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह असतो, समोरून वारा असतो. शिंगाळा, पाकट असे तळाशी चरणारे मासे हवे असतील, तर आमिष तळावर एका जागी टिकायला हवं. हलकं शिसं लाटेबरोबर गडगडत परत किनाऱ्याला येतं. म्हणून १०० ते १५० ग्रॅमचं शिसं आणि त्यावर माशाच्या तुकड्याचं किंवा अख्ख्या कोळंबीचं आमिष, अशी रिग बांधली जाते.

इथे पहिली चूक होते. रॉडवर लिहिलेलं 'कास्टिंग वेट' हे फक्त शिशाचं वजन नसतं. १२० ग्रॅमचं शिसं आणि ६० ग्रॅमचं आमिष म्हणजे रॉडच्या टोकाला १८० ग्रॅम. ओलं आमिष, स्विव्हल, गळ हे सगळं त्यात धरायचं.

फेकताना लाइनवर किती भार येतो?

शिसं साधारण १०० मीटर जावं असं समजू. हवेचा अडथळा नसता तर ४५ अंशांत सुटलेल्या वस्तूला त्यासाठी सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेग पुरला असता. हवा असते, आमिष फडफडतं, म्हणून ३५ मीटर धरू. म्हणजे ताशी १२६ किलोमीटर.

हा वेग ओळखीचा वाटतो ना? क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि मध्यमगती गोलंदाज तो साधारण याच वेगाने टाकतो. म्हणजे तुम्ही फेकता ते शिसं वजनाने आणि वेगाने जवळजवळ सीझन बॉलच असतं. फरक एवढाच, की शिसं चेंडूपेक्षा कितीतरी घन असल्याने तेवढंच वजन चेंडूच्या साधारण पंधराव्या भागाएवढ्या जागेत मावतं. सगळा मार एका बिंदूवर बसतो. समोरच्याच्या अंगावर ना पॅड असतं ना हेल्मेट.

आता भार काढू. फेक सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत शिसं सुमारे ३ मीटर अंतर वेग घेत जातं असं मानलं, तर त्वरण येतं सेकंदाला दर सेकंद २०४ मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीस पट. दीडशे ग्रॅमचं शिसं तेवढ्या काळापुरतं ३ किलोचं होतं. ही झाली सरासरी. ताकद सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी नसते, शिवाय शिसं गोलाईत फिरत असल्याने बाहेरची ओढही असते. त्यामुळे सर्वाधिक ताणाच्या क्षणी ६ ते ७ किलो भार येतो असं धरून चालणं सुरक्षित.

जोराचा झटका दिला तर आकडा आणखी वर जातो. तोच वेग ३ मीटरऐवजी दीड मीटरमध्ये गाठायचा म्हटला की सरासरी भार थेट दुप्पट होतो. 'जोर लावला आणि तुटलं' याचं कारण हेच.

ही लाइन धरून ठेवतं कोण?

आज सर्रास दिसणारं स्पिनिंग रील म्हणजे फिक्स्ड स्पूल रील. त्याचं पेटंट इंग्लंडमधले लोकर गिरणीचे मालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतलं. गिरणीत बॉबिन न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत जातं, तोच प्रकार इथे आहे. फेकताना स्पूल फिरत नाही, त्याच्या कडेवरून लाइनचे वेढे सुटत जातात.

फायदा असा, की जुन्या फिरत्या रिळासारखा गुंता होत नाही. तोटा असा, की बेल आर्म उघडल्यावर लाइनला अडवणारं काहीच उरत नाही. तेव्हा आपण तर्जनीने लाइन उचलून धरतो आणि योग्य क्षणी सोडतो.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या हाताच्या गरीत हा प्रश्न नसतो. तिथे तंगूस वाळूवर किंवा बाटलीवर मोकळी सोडलेली असते आणि शिसं हाताने फिरवून फेकलं जातं. तिथे रॉडची तरफ नसल्याने वेगही कमी आणि ताणही कमी. रॉड हाती आला की तरफ वाढते, वेग वाढतो आणि सगळा भार एका पेरावर येऊन पडतो, असं निदान वाटतं तरी.

मग लाइन नेमकी कुठे घसरते?

यात खरी मेख आहे. लाइन तीन ठिकाणी घसरू शकते आणि तिन्ही वेळा बोटाला एकच गोष्ट जाणवते, 'निसटली'.

पहिली जागा म्हणजे स्पूल. रीलचा ड्रॅग सैल असेल, तर ताण येताच स्पूल गर्रकन फिरतं आणि लाइन पुढे सरकते. बोट जागेवरच असतं, लाइन मात्र त्यावरून करवतीसारखी धावते. कापलेल्या बोटांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरी जागा स्पूल आणि लाइन यांच्यामधली. ब्रेडेड लाइन ज्या पॉलिइथिलीनच्या धाग्यांपासून बनते, ते टेफलॉनसारखे गुळगुळीत असतात. ही लाइन थेट धातूच्या स्पूलवर बांधली, तर स्पूल स्थिर राहतं आणि लाइनचा अख्खा गोळाच त्यावर फिरतो. ड्रॅग कितीही आवळा, उपयोग शून्य.

तिसरी जागा म्हणजे बोट. बोट ओलं असतं, आमिषाच्या पाण्याने बुळबुळीत झालेलं असतं किंवा दुखेल या भीतीने आपणच ते नकळत आधी उघडतो.

नवशिके सुरुवात तिसऱ्या जागेपासून करतात. तपासायला सुरुवात पहिल्या जागेपासून करायची.

बोट घट्ट धरून काम का भागत नाही?

स्पूलवरून येणारी लाइन बोटाला वळसा घालून रॉडच्या कड्यांकडे जाते. म्हणजे बोट ही एक छोटी कप्पी आहे. विहिरीवरची कप्पी घागरीचं वजन संपवत नाही, फक्त दिशा बदलते. ओढणाऱ्याच्या हातावर वजन येतंच. इथे 'ओढणारा हात' म्हणजे स्पूल.

बोटाच्या कातडीचं घर्षण थोडा भार खातं. किती, तेही काढता येतं. लाइन बोटावर काटकोनात वळते असं मानलं, तर कोरड्या बोटाने ७ किलोपैकी स्पूलपर्यंत पावणेचार-चार किलो पोचतील. बोट ओलं आणि बुळबुळीत असेल तर पाच किलोच्या आसपास. म्हणजे दोन्ही वेळा भाराचा मोठा वाटा स्पूललाच पेलायचा असतो. ड्रॅग दोन किलोवर ठेवलेला असेल तर लाइन सुटणार, मग तुम्ही मनगटाने कितीही बळकट असा.

आमच्या रीलचा ड्रॅग त्या दिवशी कसा होता? दुकानातून जसा आला तसाच. मासा लागल्यावर लाइन सुटावी म्हणून सैल.

घरच्या घरी कसं तपासायचं?

पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन म्हणजे पाच किलो. त्याला दोन लिटरची भरलेली बाटली बांधली की सात. रॉडच्या कड्यांतून न नेता लीडरची जाड लाइन रीलवरून थेट खाली सोडा, कॅनच्या कडीला बांधा, बेल आर्म बंद करा, ड्रॅग पूर्ण आवळा आणि रील हळूच वर उचला. पाय कॅनखाली ठेवू नका.

स्पूल फिरलं तर ड्रॅगच्या चकत्या झिजल्या आहेत, त्यांवर तेल-पाणी गेलं आहे किंवा हे रील या वजनासाठी नाहीच. स्पूल स्थिर आणि लाइनचा गोळा फिरला तर लाइन उतरवा. स्पूलवर आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्या किंवा काही मीटर नायलॉन गुंडाळा आणि त्यावर ब्रेड भरा. नायलॉन ताणलं की स्पूलला आवळून बसतं, त्यामुळे ते ब्रेडसारखं फिरत नाही.

दोन्ही गोष्टी जागेवर राहिल्या तरच पुढे बोटाचा विचार करायचा.

शॉक लीडर म्हणजे काय आणि तो किती जाड हवा?

०.३५ मिलिमीटरची नायलॉन लाइन साधारण ८-९ किलोला तुटते. आपला सर्वाधिक भार ७ किलो. कागदावर हे जमतं, किनाऱ्यावर नाही. गाठीजवळ लाइन कमकुवत होते, खडकावर घासलेली लाइन आणखी कमकुवत होते आणि एखादा झटका सगळा हिशेब चुकवतो. म्हणून मुख्य लाइनच्या पुढे जाड लाइनचा एक तुकडा जोडतात. तोच शॉक लीडर. फेकीचा धक्का त्याने खायचा, मुख्य लाइनने नाही.

तो किती जाड हवा याचा ब्रिटिश किनाऱ्यांवर रुळलेला एक ठोकताळा आहे. दर एक औंस वजनाला दहा पौंड ताकद. आपल्या मापात, दर २८ ग्रॅमला सुमारे साडेचार किलो. ११२ ग्रॅमला १८ किलो, १५० ग्रॅमला २४ किलो. आमिष जड असेल तर एक पायरी वर जायचं.

२४ किलोची नायलॉन लाइन साधारण ०.७ मिलिमीटर जाडीची असते. याचा दुसरा फायदा बोटाला होतो. बारीक ब्रेड बोटात रुतते, जाड नायलॉन तितकं रुतत नाही. फेकताना बोटाखाली नेहमी लीडरच असायला हवा, ब्रेड कधीच नाही.

लीडरची लांबी काढणं सोपं आहे. टोकापासून लोंबणारा दीड मीटर, रॉडच्या उंचीएवढा चार मीटर आणि वर स्पूलवरचे पाच-सहा वेढे. मोठ्या स्पूलचा एक वेढा वीस सेंटिमीटरच्या आसपास. एकूण ७ ते ८ मीटर. दर वेळी रिग तोडून बांधताना लीडर आखूड होत जातो, हे विसरायचं नाही.

वेढ्यांचं एवढं महत्त्व का?

होडी बांधताना कोळी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला मारतो आणि मोकळं टोक एका हातात सैल धरतो. भरतीने होडी कितीही ओढली तरी दोर सरकत नाही. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणामुळे ताण बेरजेने नाही, तर गुणाकाराने कमी होतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'कॅप्स्टनचं समीकरण' म्हणून हेच शिकवतात आणि आपण ते परीक्षा संपताच विसरतो.

घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर पाच वेढ्यांनंतर ताण शंभराहून अधिक पटींनी कमी होतो. ७ किलोचा भार लीडर आणि मुख्य लाइनच्या गाठीपर्यंत पोचतो तेव्हा साठ-सत्तर ग्रॅम उरलेला असतो. म्हणजे फेकताना त्या नाजूक गाठीला जवळजवळ काहीच सोसावं लागत नाही. लीडर आखूड पडून स्पूलवर एकच वेढा उरला, तर ताण जेमतेम अडीच पट कमी होतो आणि गाठीवर पावणेतीन किलो येतात.

ब्रेडला नायलॉन जोडताना साधी गाठ चालत नाही, ती सरकते. एफजी नॉट किंवा डबल युनी शिकून घ्यावी, आवळण्यापूर्वी ओली करावी आणि हाताला कापड गुंडाळून जोरात ओढून पाहावी. गाठ स्पूलच्या मागच्या, म्हणजे रीलकडच्या बाजूला येईल अशी लाइन भरली, तर सुटताना ती पुढच्या वेढ्यांत अडकत नाही.

तरीही बोटाला काय लावायचं?

ड्रॅग आणि लीडर नीट असले तरी सहा-सात किलोचा ताण कातडीवर येतोच. पातळ चामड्याचं किंवा निओप्रीनचं बोटमोजं हा स्वस्त आणि चांगला उपाय. औषधाच्या दुकानातली साधी पट्टी मात्र टाळावी. ती ओली झाली की सरकते, कडा उचलली गेली की लाइन त्यात अडकते आणि फेक उशिरा सुटते.

काही जण लाइन बोटाने उचलण्याऐवजी स्पूलच्या कडेवर दाबून धरतात. स्पूल हाताला जवळ असेल तर ही पद्धत जमते. आणखी एक साधन म्हणजे रॉडवर रीलजवळ बसवायचा छोटा ट्रिगर. लाइन त्याच्या खाचेत अडकवायची आणि बोटाने फक्त घोडा धरायचा. बोटाला जखम असेल किंवा संधिवात असेल त्यांना त्याचा खूप उपयोग होतो. एक लक्षात ठेवा, ट्रिगरने बोट वाचतं, सैल ड्रॅग नाही. भार शेवटी स्पूलवरच येतो.

मल्टिप्लायर म्हणजे फिरत्या स्पूलचं रील वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे अंगठ्याने स्पूल दाबून धरायचं असतं आणि ओला अंगठा घसरतो. त्यावरचा उपाय जगभर एकच आहे आणि तो आपल्या पंक्चरवाल्याकडे मिळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यात अडकवायचा. रबर ओलं झालं तरी कातडीपेक्षा चांगलं धरतं.

फेकताना काय सांभाळायचं?

बेल आर्म फेकीच्या मध्येच आपोआप बंद होणं, हेही शिसं तुटण्याचं एक मोठं कारण. झटक्याने रोटर फिरतो, बेल मिटते आणि सुटलेली लाइन जागीच अडते. म्हणून फेकण्याआधी रोटर अशा जागी आणा, की लाइनचा रोलर रॉडच्या बाजूला, बोटाजवळ येईल. रीलचं हँडल हलत नाही ना, हेही पाहा.

रिग टोकापासून मीटर-दीड मीटर खाली लोंबू द्या. टोकाला चिकटलेलं शिसं झटका देतं, लोंबणारं शिसं सावकाश वेग घेतं. सुरुवात हळू, शेवट जोरात. मागचा हात आपल्याकडे ओढायचा आणि पुढचा हात ढकलायचा. पहिल्या पाच-सहा फेकी निम्म्या ताकदीच्या असाव्यात. नवख्याने डोक्यावरून सरळ फेकावं. व्हिडिओंत दिसणारी, शिसं झोक्यासारखं झुलवून गोल फिरवायची 'पेंड्युलम' फेक मोकळ्या मैदानावर, जाणत्या माणसाकडून शिकायची गोष्ट आहे. गर्दीच्या किनाऱ्यावर ती करूच नये.

आणि फेक झाली, शिसं तळाला लागलं की पहिलं काम, ड्रॅग पुन्हा सैल करणं. आवळलेला ड्रॅग तसाच ठेवून रॉड वाळूत खोचला आणि मोठी पाकट लागली, तर अख्खा रॉड पाण्यात जातो.

लाइन लवकर निसटली तर शिसं कुठे जातं?

रॉड आणि लोंबणारी लाइन मिळून पाच मीटरची त्रिज्या धरली, तर सुटण्याच्या सुमारास शिसं सेकंदाला ४०० अंशांच्या वेगाने फिरत असतं. सेकंदाच्या विसाव्या भागाची चूक म्हणजे २० अंशांची चूक. ६० मीटर अंतरावर ते शिसं ठरल्या जागेपासून २२ मीटर बाजूला पडतं.

डोक्यावरून फेकताना लाइन लवकर निसटली तर शिसं उंच जातं, उशिरा सुटली तर समोर पाण्यात आपटतं. कडेने फेकताना उजव्या हाताच्या माणसाचं लवकर निसटलेलं शिसं उजवीकडे जातं, उशिरा सुटलेलं डावीकडे. म्हणजे लाइन निसटते तेव्हा पहिला धोका तुमच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या माणसाला. आमच्या किनाऱ्यावर तिथे मावशी होत्या.

लाइन निसटण्याऐवजी तुटली तर आणखी वाईट. तेव्हा मागे लाइनचा काही अडथळा उरत नाही आणि शिसं मोकळं सुटतं. म्हणून फेकताना दोन्ही बाजूंना आणि मागे माणूस नको, समोर पोहणारे किंवा होडी नको. वरळी सी फेस किंवा वांद्र्याच्या बँडस्टँडसारख्या ठिकाणी, जिथे मागे सतत माणसांची ये-जा असते, तिथे दीडशे ग्रॅमची रिग नकोच. हलकं शिसं आणि छोटी फेक पुरे. कार्बनचा रॉड विजेचा वाहक असतो, त्यामुळे वरून गेलेल्या तारांपासून दूर राहावं आणि ढग गडगडले की रॉड खाली ठेवावा.

निघण्यापूर्वी काय तपासाल?

• शिसं अधिक आमिष मिळून वजन रॉडच्या मर्यादेत आहे का?
• लीडर वजनाच्या हिशेबाने पुरेसा जाड आहे का? १५० ग्रॅमला किमान २४ किलो.
• स्पूलवर लीडरचे पाच-सहा वेढे आहेत का?
• लीडरवर बोट फिरवून पाहा. ओरखडा लागला तर तेवढा भाग कापा.
• ड्रॅग पूर्ण आवळला आहे का? जोरात ओढून स्पूल फिरत नाही ना?
• बेल आर्म पूर्ण उघडला आहे का? लाइन रॉडच्या टोकाला गुंडाळलेली नाही ना?
• बोट कोरडं आणि झाकलेलं आहे का?
• उजवीकडे, डावीकडे, मागे पाहिलं का?
• फेकीनंतर ड्रॅग सैल केला का?
• तुटलेली लाइन गोळा केली का? किनाऱ्यावर पडलेली तंगूस पक्ष्यांच्या आणि कुत्र्यांच्या पायांत अडकते.

या यादीला दोन मिनिटं लागतात. बोटाची चीर भरायला मला दहा दिवस लागले.

महिन्याभराने त्याच किनाऱ्यावर पुन्हा गेलो. रील तेच, रॉड तोच, शिसं तेवढंच. बदललं होतं ते एवढंच, की ड्रॅग आवळलेला होता, स्पूलवर नायलॉनचा थर होता, आठ मीटरचा लीडर होता आणि फेकण्याआधी उजवीकडे बघायची सवय लागली होती. शिसं लाटांच्या पलीकडे पडलं. मासा लागला नाही. पण ओहोटीत वाकून शिंपल्या वेचणाऱ्या बायकांपैकी कुणालाही त्या दिवशी मान वर करून बघावं लागलं नाही.